दुसरी बाजू

कर्स्टी आली तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं.
"बाबांच्या आहेत," म्हणाली, आणि केळ्यांची दोन खोकी
काउंटरवर ठेवली. तुझीच लकब, क्लाइव्ह,
वजन उचलताना खालचा ओठ चावायची.

ज्या शेडमध्ये तुझी आई बॉबिनं भरायची
तिथे आता सुपरमार्केट आहे.
गोठवलेले वाटाणे घेताना मी अजून पुटपुटतो
पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं,
ज्यात भोंगा वाजतो आणि कुणीच जागचं उठत नाही.

एकोणऐंशी साल. आपण सतरा वर्षांचे.
लंडनहून किडरमिन्स्टरला उशिरा का होईना बातमी पोचली होती
की सगळं मोडायचंय: सेफ्टी पिना, फाटके शर्ट, थुंकी.
आणि मग आले द लॅपल्स. चार पोरं,
कडक इस्त्रीच्या सुटात तोच संताप गाणारी.
तू म्हणालास, बघ,
चिडायला गबाळं असावं लागत नाही.
त्याच आठवड्यात आईकडून इस्त्री शिकलास.

एक अल्बम तुझ्याकडे, एक माझ्याकडे.
शनिवारी कालव्याच्या पुलावर अदलाबदल,
पार्क्याच्या आत, छातीशी,
पाऊस असला तर वाऱ्याकडे पाठ करून.

मग ब्याऐंशीत तिसरा.
ट्रम्पेट. बायकांचा कोरस. कव्हरवर समुद्र.
"विकले गेले," तू म्हणालास.
"वाढले," मी म्हणालो.
एवढंच. आणि एक सांडलेला ग्लास.
तू कानाला खडा लावलास
आणि माझ्याशी अबोला धरलास, अकरा वर्षं.
मध्ये माझं लग्न झालं, तुझी गिरणी बंद पडली,
तुझ्या आईला निरोप द्यायला मी चर्चच्या मागच्या बाकावर बसलो
आणि शेवटच्या प्रार्थनेआधीच निघालो.

पुढे बोलू लागलो. हवामान, फुटबॉल, गुडघे.
दर नोव्हेंबरात रेल्वे क्लबच्या माडीवर जमायचो,
तीसेक जण, पार्क्याची चेन पोटाशी अडलेली.
स्टुअर्ट टॉली कानातलं यंत्र काढून स्पीकरला गाल लावतो.
मॉरिन चुकीच्या जागी टाळी वाजवते,
इतकी वर्षं, की आता आम्ही सगळेच तिथे वाजवतो.
तिसरा लागला की तू सिगारेटला बाहेर जायचास.
सिगारेट सोडल्यावरही जायचास.

खोकं उघडलं.
पहिला, दुसरा: झिजलेले, पण वयाला शोभेल इतके.
आणि तिसरा.
समुद्राच्या कडांवर चिकटपट्टी, तिच्यावर चिकटपट्टी.
तबकडी दिव्याखाली तिरकी धरली.
पहिली बाजू काळीभोर.
दुसरी करडी,
बागेच्या हिरवळीतून, पाटी असूनही,
माणसं रोज जातात तिथे पडते
तशी पायवाट.

शेवटचं गाणं. ट्रम्पेट थांबतं
आणि गाणाऱ्याचा नुसता श्वास ऐकू येतो, ते.
त्या रात्री मी तुला तेच ऐकवणार होतो.
तू त्याआधीच उठलास.

"किती येतील?" कर्स्टी विचारते.
इतक्या झिजलेल्या तबकडीचे दोन पौंडही नाहीत.
"हा कधी ऐकायचे?"
"रविवारी. इस्त्री करताना. हेडफोन लावून.
ओठ हलायचे नुसते.
मला वाटायचं, शर्टांशी बोलतात."

म्हणजे तिनं तो कधी ऐकलाच नाही.

मी शटर पूर्ण खाली ओढलं. आतून.
स्टूल पुसून दिलं.
खरखर फार असेल, म्हटलं,
पण बस.
अठरा मिनिटांची बाजू आहे.