वाटेत उघडायचं नाही

तार्तूला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
मायक्रोस्कोपच्या खोलीत तर अंधार मुद्दाम करतात.
मारिका लेपनुर्म कोटाच्या खिशात
राईच्या पावाचा तुकडा घेऊन बसलीय,
खायला सक्त मनाई आहे तिथे,
आणि काचेवरचं यीस्ट पाहतेय.

एक पेशी. तिच्या कडेला फुगवटा:
होऊ घातलेली लेक.
केंद्रकातून निरोप निघालाय,
आरएनएचा धागा,
दिसतो तो फक्त हिरवा ठिपका.
त्याच्या अंगावर चार घड्या,
घड्यांतच पत्ता.
एक जण घड्या चाचपून ओळखतो,
दुसरा त्याला हमालाशी बांधतो,
आणि मायोसिन चालू लागतं
ॲक्टिनच्या दोरीवरून,
पाऊल, पाऊल,
चिंचोळ्या मानेतून लेकीकडे.

वाटेत उघडायचं नाही.
वाचणारी यंत्रं तर सगळीकडे तरंगताहेत,
अधाशी, मिळेल ते वाचणारी.
म्हणून निरोपाच्या तोंडावर हात दाबून धरलेला,
पार टोकाला पोचेपर्यंत.

मग लेक वाचते. मजकूर थोडका:
तू अजून बदलू नकोस.
आई हवं तर उद्या आपलं लिंग पालटेल.
लेकीला ती मुभा नाही,
स्वतः एकदा आई होईपर्यंत.

आजचा वाण वेगळा. ह्यातला हमाल काढून टाकलाय.
निरोप निघतो, आणि नुसता पसरतो,
आईत धुकं, लेकीतही थोडं धुकं.
आईच वाचते तो.
लेकीसाठी लिहिलेलं तिलाच लागू पडतं
आणि ती थिजते.

वहीत नोंद: एक्केचाळीसपैकी छत्तीस.

ऑगस्टात एनेली ओउलूला गेली.
ताल्लिनच्या धक्क्यावर, निळ्या रंगवलेल्या केसांनी,
आता नावही बदलणारे म्हणाली.
मारिकाच्या ओठांवर एक वाक्य आलं होतं.
बोटीचा भोंगा वाजला, तिनं ते गिळलं.
तेव्हापासून केस कापलेले नाहीत,
स्वयंपाकघरातले पडदे तेच,
घरी जायचा रस्ता तोच, नदीकाठचा,
पूल दुरुस्तीला काढला तरी.

तिनं दुसरी काच लावली. साधा वाण, हमाल शाबूत.
ठिपका मानेपाशी अडखळला.
"चल ना," ती पुटपुटली, आपल्या भाषेत,
ठिपक्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू,
तोंडात पाव.