येस

इझमिरला मिठाच्या वखारीत
खतावण्या लिहिणाऱ्या त्या कवीनं
आयुष्यभर एकच पाऊल लिहिलं,
संध्याकाळी जिना चढून येणारं.
त्याच्या भाषेत तो-ती वेगळे नाहीत.
तेवढ्याच आडोशाला
बायको, थोरला भाऊ, पोलीस,
सगळे निभावले.

मी इथं चोपड्यात
तीन महिने त्या ओळीपाशी अडलोय.
'येतो' लिहिलं की चहाडी.
'येते' लिहिलं की खोटं.
'येतं' म्हणजे मांजर.

काल ओट्यावर गिलकी चिरता चिरता
सुभद्रामाय नातवाला म्हणाली,
"दम धर ना. येस.
पानी भरीसन येस."

कोण,
ते मी विचारलं नाही.
खोडरबर शोधत
घरात गेलो.