नाव

डुलुथचं सरोवर गोठलंय. टाइस्तोला जाऊन चौदा महिने.
लेम्पी ओट्याशी कात्री घेऊन बसते;
त्याची पाकिटं अजून येतात.
आधी जन्मतारीख कापायची, मग पत्ता,
मग मधोमध तो.

मागल्या महिन्यात त्यानं टँपाला मोटरबोट घेतली.
हप्त्यांवर!
जन्मभर उधारीला भ्यायलेला,
काठावर वाढून
घोट्यापलीकडे पाण्यात न उतरलेला.

बँकेतली मुलगी म्हणाली, ते गेले तेव्हाच
सगळीकडे कळवायला हवं होतं.
आता दाखला पाठवा,
आणि त्यांची पत गोठवून टाका.
गोठवून.
लेम्पीनं खिडकीबाहेर पाहिलं.

सात कचेऱ्या, सात फोन.
दरवेळी त्याचं नाव घ्यायचं, अक्षर अक्षर सुटं करून,
आणि पुढे म्हणायचं: हा माणूस आता नाही.
सातव्या खेपेला आवाज सरावला होता.
त्याचंच तिला वाईट वाटलं.

सगळं कापून झालं. बोटीचा करारनामा तेवढा
पिठाच्या डब्यामागे आहे.
खाली परक्या हातची सही,
पहिलं अक्षर ऐसपैस, शेवटचं शिडासारखं फुगलेलं.
इतक्या ऐटीत टाइस्तोनं
स्वतःचं नाव कधी काढलं नव्हतं.