तोंडओळख

तुर्कू, जानेवारी. सकाळचे नऊ वाजले तरी
आउरा नदीवर उजेड नाही.
मी फ्रीझर उघडते, उणे ऐंशी.
थंडी धुरासारखी पायांवर सांडते
आणि तळच्या कप्प्यातून तो खोका निघतो
ज्याच्यावर अजून लेम्पीचं अक्षर आहे:

नानताली. १९५४. मुलगी, अकरा महिने.

बस, एवढंच.
ती मुलगी आज सत्तरीची असेल,
किंवा त्याच आठवड्यात.
लेम्पीने लिहिलं नाही, मी कधी विचारलं नाही.

तेव्हा बशी घेऊन घरोघर जायचं, ती सांगायची.
बटाटा, ग्लिसरीन, रक्त घालून थिजवलेली बशी
खोकणाऱ्या पोराच्या तोंडासमोर धरायची
उबळ येईस्तोवर.
पोर लालबुंद, मग निळं,
मग तो लांब आत ओढलेला श्वास
गंजलेल्या बिजागरीसारखा.
चौथ्या दिवशी बशीत पाऱ्याचे बारीक थेंब.
"दिसतात सुंदर गं," म्हणायची
आणि पुन्हा हात धुवायला उठायची.

तेव्हाची लस म्हणजे अख्खा जंतूच, मारून टोचलेला.
सुजलेली मांडी, ताप, रात्रभर रडणं.
मग आपण शहाणे झालो. त्याच्या तीनच खुणा निवडल्या:
विष, चिकटायचा धागा,
आणि अंगावरचं एक प्रथिन.
रक्ताला म्हणालो, एवढ्यावरून ओळख.

मंगळवारी नवा नमुना आला.
चाळीस लाखांवर अक्षरं. वाचत गेले.
बरंचसं तेच, लेम्पीच्या थेंबांतलं.
इथे एखादं अक्षर सरकलेलं,
तिथे विषाच्या नळाची चावी किंचित सैल.
मग ते प्रथिन. वाक्य नीट सुरू होतं
आणि मधेच हजारेक अक्षरांचं भलतंच पान,
त्याच्याच पोथीतलं,
जे त्या पोथीत आधीच दोनशेहून जास्त ठिकाणी आहे.
पुढचं वाक्य शाबूत आहे.
वाचलं जात नाही.

बहुरूपी म्हणू नका त्याला.
बहुरूपी काहीतरी चढवतो.
याचं उतरलं, तेही याने उतरवलं नाही;
कोट्यवधींत एकाचं गळून पडलं
आणि जिथे आपला पहारा त्या खुणेवर होता
तिथून तो एकटा, मान खाली न घालता,
पुढे गेला.

इमारतीच्या धुलाईखोलीत मार्केता भेटली.
इस्पितळातून कपडे धुवायला आलेली,
ओइवाचे बोटभर मोजे मोजत होती.
"हिल्माला सगळ्या लसी दिल्या होत्या.
मग तिनेच कसा आणला घरात?
लस खोटी निघाली का?"

खोटी नाही, म्हणाले.
पाच वर्षांपूर्वीची सुई, आठवण विरते.
एक खूण हरवली, दोन उरल्या,
म्हणून हिल्मा नुसती खोकली.
महिनाभर गायनवर्ग बुडाला, एवढंच.
हे ऐकून तिला बरं वाटलं नाही.
कसं वाटेल?
ओइवा सात आठवड्यांचा.
त्याची पहिली सुई तिसऱ्या महिन्यात.
आणि एवढ्या लहानांना तो लांब श्वास ओढता येत नाही,
धड खोकताही येत नाही.
ते नुसते थांबतात.

गरोदरपणातल्या सुईचं वाक्य
माझ्या ओठांपर्यंत आलं
आणि मधेच थांबलं.
यंत्राचा ड्रम फिरत राहिला.

आज नवी नळी भरली.
तुर्कू. साल. मुलगा, सात आठवडे.
नाव नाही, लेम्पीसारखंच.
नानतालीच्या मुलीशेजारी एक घर रिकामं होतं,
तिथे ठेवली.
दार लावलं. परत उघडलं.
बोटं बधिर होत असताना
चिठ्ठीच्या कडेला पेन्सिलीने बारीक लिहिलं,
जे या खोक्यात आजवर कुणी लिहिलेलं नाही:

गुरुवारी ऑक्सिजन काढला.
दूध प्यायला.