साडेतेवीस

कारूच्या त्या गावात उन्हाला आडकाठी नाही.
नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव, लोंबत्या फांद्यांचं एकच झाड,
आणि एबेल यांचीस, वय एकोणसत्तर,
सुतळीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडून
काठावर बसलेला.

संध्याकाळी सहा : सव्वीस.
सकाळी सहा : साडेतेवीस.

नवा साहेब म्हणाला, तळ तपासायला हवा.
एबेल म्हणाला, तपासा.
पण जमीन चिमूटभरच घेते, साहेब.
गळती वर आहे.
वारा पाण्यावरून हात फिरवतो,
आणि वाफ निघते ती कधी रिकाम्या हाती जात नाही,
मागे राहिलेल्यांची ऊब घेऊन जाते.
उरलेलं आभाळाचं.
इथलं आभाळ म्हणजे सताड उघडं दार.
चांदण्या जितक्या दाट
तितकं पहाटेचं पाणी गार.

चाळीस पानी वही, दोन उन्हाळे.
ज्या रात्री ढग होते
त्या रात्री पाणी फक्त एक अंशानं उतरलं.

साडेसहाला हेस्टर मॅलर्ब येतात. गुडघे धरलेले.
पहिल्या पायरीवर थांबतात, अंगठा बुडवतात.
"किती?"
"साडेतेवीस."
"काल पंचवीस होतं."
"काल ढग होते, बाई."

तिला आठवत नसावं.
ती आठ वर्षांची, लाल टोपी, उडी मारताना नाक धरलेलं,
आणि फाटकावर पाटी :
कुणी आत यायचं, कुणी नाही.
जाळीबाहेरचा मुलगा
ऊन कलल्यावर पंपघराच्या भिंतीला पाठ लावून बसायचा.
दिवसभर तापलेली भिंत
रात्री जेवणवेळेपर्यंत कोमट असायची.
ऊन साठतं, आणि जातं,
हे त्याला पाठीनं शिकवलं.
घरी आई विचारायची, कुठं होतास?
तो म्हणायचा, इथंच.

तीन अर्जांनंतर यंदा आच्छादन आलं,
निळं, बुडबुड्यांचं, ओढायला बैलासारखं जड.
पहिल्या रात्री त्यानं एकट्यानंच पसरलं,
चारी कडा दाबल्या,
तापलेल्या पोराला पांघरूण घालावं तसं नव्हे,
पैशाची पिशवी बांधावी तसं.

सकाळी : साडेपंचवीस.
त्यानं आकडा दोनदा वाचला, एकदाच लिहिला.
मग बूट काढले, मोजे काढले,
पाय पाण्यात सोडले घोट्यापर्यंत.
पोहता त्याला येत नाही.
वहीत तशी नोंद नाही.

हेस्टर आली.
पहिल्या पायरीवर न थांबता
सरळ उतरत गेली छातीपर्यंत,
आणि किती म्हणून
विचारायचं विसरली.