उचल

त्या वर्षी सैन्यभरतीची मापं घ्यायला
नगरपालिकेच्या दालनात मी बसलो होतो.
एक लाकडी खांब, त्यावर पितळी खुणा,
वरून सरकत डोक्याला टेकणारी आडवी पट्टी,
आणि एक वही. शाई घरची. सरकारी शाई फिकट यायची.

समुद्राकडची पोरं आधी आली,
कोळ्यांची, लिंबाच्या बागांतली.
पट्टी टेकली की गुदगुल्या झाल्यासारखी हसायची.
डॉक्टर म्हणायचे, पास.
मी लिहायचो, पास.

मग डोंगरातली आली, गंधकाच्या खाणींतली.
सगळी विशीची,
सगळी माझ्या छातीला लागणारी.
उजवा खांदा डाव्याशी भांडून वर निघून गेलेला,
पाठीवर पोक.
ओझं कधीच उतरवलं होतं,
त्याची जागा उतरवायची राहून गेली होती.
खोलीभर जळक्या काडीचा वास.
डॉक्टरांनी खिडकी उघडायला लावली.

नाव?
लिबोरियो.
बापाचं?
मेला.
अरे, नाव!
क्रोचिफिस्सो. पण मेला.
धंदा?
उचल.

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.
धंदा विचारतोय रे.
"तोच सांगतोय, साहेब.
सात वर्षांचा होतो. आईनं उचल घेतली,
दीडशे लिरा. त्यातले निम्मे पिठात,
आणि पीठ निम्मं खडूचं.
कुदळवाल्यानं आईचा अंगठा घेतला, मला घेतलं,
टोपली दाखवली, म्हणाला, उचल.
तेव्हापासून."

आणि फिटली?
"मला मोजता येत नाही. त्यांना येतं."

त्याच्या पोटऱ्यांवर गोल गोल डाग होते,
नाण्याएवढे, ओळीनं.
चढताना दम लागला की मागचा
मातीच्या दिव्याची ज्योत लावतो तिथे,
हे त्यानं सांगितलं नाही,
डॉक्टरांनी विचारलं नाही,
आणि वहीत त्याला रकाना नव्हता.

खांबाला पाठ लाव. ताठ.
पट्टी खाली आली. तो वाकला.
ताठ म्हटलं ना!
पट्टी खाली आली. तो आणखी वाकला.
तिसऱ्यांदा मी त्याची हनुवटी धरली,
तेव्हा हळूच म्हणाला, माझ्याच कानात,
"छत खाली आलं की मान आपली आपण जाते, साहेब.
मी नाही वाकवत."

एक मीटर एकेचाळीस.
नापास.

बाहेर त्याची आई पायरीवर गुडघे टेकून बसली होती.
ऐकलं तशी धावत आली, डॉक्टरांचा हात चुंबला,
संत आगाथेचे आभार मानले,
लढाईनं नाही नेलं माझ्या पोराला, म्हणाली.

पोरगा मात्र रडत होता.
एवढा म्हातारा चेहरा आणि लहान मुलासारखा रडत होता.
"सैन्यात बूट देतात ना, साहेब?
दोन्ही पायांना?"

दालनाचं दार घोडेस्वार आत येईल इतकं उंच आहे.
जाताना तो वाकूनच गेला.

त्याच्या मागे अजून एकतीस जण होते.
त्या तोफांच्या दारूत काय पडतं
हे मला माहीत नव्हतं असं नाही.
पण पाच वाजता डॉक्टरांची घोडागाडी होती.

संध्याकाळी घरी आलो. बायको द्राक्षवेलींवर
पिवळी भुकटी उडवत होती, पानांवर बुरशी येऊ नये म्हणून.
वारा उलटा फिरला. माझ्या बाहीवर पडली.
यंदा महाग झालीय, म्हणाली, जपून टाकतेय.
मी बाही झटकली नाही.
खूप वेळ तसाच उभा राहिलो,
तिला वाटलं, दमलोय.

धंद्याच्या रकान्यात मी 'मजूर' लिहिलं होतं.
रकाना लहान होता,
असं मी अजूनही सांगतो.