करून राहिलं

मे महिना. हिंगणा रोडवरचं पाळणाघर.
कूलरचा आवाज माझ्या आवाजाहून मोठा,
वाळ्याच्या ताट्यांतून ओला वास,
सतरंजीवर एकोणीस जणी,
कुणी शिलाई मशीन झाकून आलेली,
कुणाचं स्वतःचंच लेकरू मांडीवर झोपलेलं.

मी भिंतीला तक्ता चिकटवला.
सोमवारी लाल रंग, मंगळवारी गोल,
बुधवारी गाय, कुत्रा, चिमणी यांचे आवाज.
उष्म्यानं चिकटपट्टी सुटत होती,
शनिवार तर जेवणाच्या सुट्टीआधीच खाली लोंबला.

म्हटलं, शिकवायचं नंतर.
आधी दहा मिनिटं एका लेकराशेजारी बसा
आणि ते काय करतं, तेवढंच लिहा.

कागद परत आले.
'मस्तीखोर आहे.' 'हट्टी.'
'हिचं कशातच लक्ष नाही.'
'शांत आहे, काही त्रास नाही',
हे तर सात जणींनी, एकाच अक्षरात लिहिल्यासारखं.

शेवंता उईकेचा कागद कोरा.
"लिवाले वेळच नाही भेटला मॅडम,
पाहून राहिली होती ना."
काय पाहत होतीस?
"सुजात पाणी पकडून राहिला."

कूलरच्या तोटीतून थेंब पडायचा,
थांबायचा, पुन्हा पडायचा.
तेरा महिन्यांचा सुजात तळहात पुढे करायचा,
थेंब लागला की मूठ मिटायचा,
उघडली की आत काही नाही.
मग वर तोटीकडे बघायचा,
सुटे पैसे कमी आलेल्या गिऱ्हाईकासारखा.

"चवदा खेपा झाल्या. मंग त्यानं हातच नाही नेला.
माह्याकडे पाह्यलं.
मी बी हात धरला, त्याच्या हाताखाली.
त्याचं सांडलेलं माह्या हातात पडलं."
हसला?
"नाही. दुसरा हात बी आणला."

मी काही बोलले नाही.
गेली अकरा वर्षं
मी बायकांच्या वह्यांतलं 'करून राहिला' खोडून
वर 'करतो' लिहीत आले आहे,
हिरव्या शाईनं, कुणाला लागू नये म्हणून.
'मूल खेळते.' एवढंच वाक्य, पुढे पूर्णविराम.
इथल्या बोलीत क्रियापदाला राहायला जागा असते:
लेकरू खेळून राहिलं, म्हणजे ते अजून तिथंच आहे,
आत बिऱ्हाड मांडून बसलंय,
भेटायचं तर आपणच उंबरठ्याशी जायचं,
चपला काढायच्या.

दुपारी नियोजन लिहायला घेतलं.
शेवंतानं मोठ्यांदा वाचलं:
"सोमवार: वाटी, पेला, भोकाचा डबा, अर्धी बादली पाणी.
मंगळवार: सोमवारी तो काय करन, ते पाहून.
बुधवार: मंगळवार पाहून."
हॉल हसला.
"हे काय नियोजन होय का वं?" नलू निखारे म्हणाली,
तिचं हसणंच थांबेना.
मग थांबलं.
ती बांगड्या कोपराकडे सारत बसली, पुन्हा खाली आणत.
"आमची रिद्धी रोज ह्या बांगड्या वरखाली करते.
आठ महिने झाले, मी तिचा हात काढून राहिली."

कुणीतरी कूलर बंद केला.
पहिल्यांदाच कळलं,
शेजारच्या खोलीत केवढा आवाज होता:
डबे, पाय, एक रडू, एक 'बा बा बा'
आणि त्याला उत्तर देणारं कुणी नाही.
चार जणी उठून गेल्या. मी थांबवलं नाही.

रात्री धरमपेठेतल्या खोलीवर अहवाल भरायचा होता.
'निष्पत्ती' या शब्दापुढे एका ओळीची जागा.
लिहिलं: एकोणीस जणी पाहून राहिल्या.
संगणकानं खाली लाल, नागमोडी रेघ ओढली.
बराच वेळ बोट त्या रेघेवर होतं.
मग राहू दिली.